वहीतली लाल शाई

१

पत्र दीड पानाचं होतं, पण धाकटीनं वाचली होती फक्त पहिली चार वाक्यं. पुढचं वाचायला डोळे जागेवर असायला हवेत ना!

"बाई, हे खोटं आहे," तिनं पत्र काचेखालच्या फटीतून आत सरकवलं. "मी अर्ज मागे घेतलेलाच नाही."

परवाना कचेरीतली खिडकी नंबर सहा. आत दुभाषीबाई. आपल्या माणसाचं बोलणं तिकडच्या साहेबाला आणि साहेबाचं बोलणं आपल्या माणसाला सांगायचं, हे काम त्या वीस वर्षं करत होत्या. स्वभाव फटकळ. चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, आणि रडणाऱ्या माणसासाठी खणात कागदी रुमालांचा खोका, तोही दयेपोटी नव्हे, तर काउंटर ओला होतो म्हणून.

बाईंनी पत्र वाचलं. 'तुमच्या लेखी विनंतीवरून कायमच्या रहिवासाचा अर्ज मागे घेतल्याची नोंद केली आहे. चौदा दिवसांच्या आत देश सोडावा.'

"फेटाळला असता तर बरं झालं असतं," बाई म्हणाल्या.

"अहो, बरं काय त्यात?"

"फेटाळला म्हणजे साहेब नको म्हणाला. त्याच्यावर अपील करता येतं, भांडता येतं. मागे घेतला म्हणजे तुम्हीच म्हणालात, मला नको. आता भांडणार कुणाशी? आरशाशी? पत्र कधी आलं?"

"तीन दिवस झाले." धाकटीनं ओठ आवळले. ती घरातली धाकटी सून, वृद्धाश्रमात नर्स होती. चारचौघांत रडायचं नाही हे तिच्या अंगात मुरलं होतं. "घरात कुणी काही करायला तयार नाही. सासूबाई म्हणाल्या, तू जा निघून, पोर इथंच राहील, आम्ही आहोत तिला. बाई, माझी मुलगी सहा वर्षांची आहे. तिला टाकून मी जाऊ?"

बाईंनी आतल्या कारकुनाला दोन शब्द ऐकवले आणि धाकटीच्या फाईलमधल्या त्या 'लेखी विनंती'ची प्रत मागवली. आपल्याच फाईलची प्रत मागणं हा हक्क आहे. लोक मागत नाहीत, इतकंच.

तीन आठवड्यांपूर्वी टपालानं आलेला एकपानी फॉर्म. ठळक सुट्या अक्षरांत भरलेला. नाव, फाईल नंबर, अर्जदाराचा प्रकार, पहिल्या प्रवेशाचा दिनांक, आणि खाली सही.

"सही तुमची?"

"माझीच... नाही, थांबा. अशी सही मी लग्नाआधी करायचे. शेवटी ही लांब शेपटी काढून. पासपोर्टवर आहे तशी. आता सात वर्षं मी नुसती छोटी सही करते." तिचं बोट वर सरकलं. "आणि ही तारीख चुकलीये. ही व्हिसाच्या स्टिकरची. मी विमानतळावरच्या शिक्क्याची लिहिते." बोट आणखी वर गेलं. 'अर्जदाराचा प्रकार'समोर दोन चौकोन होते, 'मुख्य' आणि 'अवलंबित'. खूण 'अवलंबित'वर होती. तिथं तिचं बोट टेकलं आणि चटका बसल्यासारखं मागे आलं.

"काय झालं?"

"काही नाही."

बाईंनी तिच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. मग तिचंच पत्र उलटून दुसरं अर्धं पान तिच्यासमोर धरलं. "हे वाचलंत?"

धाकटीनं वाचलं. आधी तिचा चेहरा उतरला. मग ती खुर्चीच शोधू लागली, पण या कचेरीत खिडकीसमोर खुर्ची नसते.

"या दुसऱ्या पानाबद्दल घरी एक अक्षर बोलायचं नाही," बाई म्हणाल्या. "सही पासपोर्टवरून काढली आहे. पासपोर्ट कुठं असतो?"

"घरात. सासूबाईंच्या कपाटात. कुलपात."

"मग ज्यानं तुमचा काटा काढला, तो रोज तुमच्याच हातचा चहा पितो. रविवारी मी येते."

२

नियमाप्रमाणे दुभाष्यानं कुणाच्या घरी जायचं नसतं. बाई आयुष्यभर नियमानं वागल्या होत्या. पण कुणीतरी त्यांच्याच कचेरीचे शब्द घेऊन एका आईला पोरापासून तोडत होतं, आणि त्याचा त्यांना सपाटून राग आला होता.

तिसरा मजला, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. दाराशीच चपलांची फळी, तिच्यावर पाच जणांच्या चपला आणि मुलीचा एकच बूट. मुलीला शेजारच्या घरी खेळायला पाठवलं होतं.

"ही कोण? हिला कुणी बोलावलं?" सासूबाईंनी पाणीसुद्धा विचारलं नाही. त्या पलंगावर बसल्या होत्या, पाठीमागं पोलादी कपाट, कमरेला किल्ली.

"कचेरीतल्या बाई आहेत, आई," धाकटी म्हणाली.

"म्हणजे घरची धुणी आता कचेरीत! शाबास."

"अगं, बसू दे त्यांना," थोरला म्हणाला. हा मोठा मुलगा, बस डेपोत मेकॅनिकांचा मुकादम. या देशात सगळ्यांत आधी आलेला, आणि ते तो कुणाला विसरू देत नसे. "बाई, चौकशी हवी तेवढी करा, पण निघायचं काही नाही. साहेबाचीच चूक असणार. नाहीतर हिनंच रागाच्या भरात फॉर्म टाकला असेल आणि आता हात झटकतेय. मी या खात्याचे सगळे शब्द कोळून प्यायलोय. ती बघा वही."

वही फ्रिजवर होती. लांबट, पुठ्ठ्याला चिकटपट्टी लावलेली. थोरल्यानं पहिल्या वर्षी एकेक शब्द विचारून, ठेचा खाऊन लिहिलेली. पुढं घरात जो आला तो याच वहीवर शिकला. बाईंनी पानं चाळली.

'व्हिसा: दारापर्यंत यायची परवानगी. आत किती राहायचं ते दारावरचा माणूस ठरवतो.'

'अपील: वरच्या साहेबाकडे कागदावर रडणे.'

'मुख्य अर्जदार: घरचा कर्ता पुरुष. बाकीचे सगळे त्याचे अवलंबित.'

"झकास लिहिलंय," बाई म्हणाल्या. थोरल्याची छाती फुगली. धाकटी भिंतीकडे बघत राहिली.

बाईंनी एकेकाला स्वयंपाकघरात बोलावलं. पहिल्या सासूबाई.

"मला लपवाछपवी जमत नाही," त्यांनी बसायच्या आधीच सुरुवात केली. "ती जातेय तर जाऊ दे. आली तेव्हापासून घराला पाय फुटलेत. दुसऱ्या गावच्या इस्पितळात नोकरी धरलीय म्हणे, नवऱ्याला आणि पोरीला घेऊन वेगळं बिऱ्हाड करणार. माझ्या दोन पोरांत भिंत घालायला निघालीय ती."

"कपाटाची किल्ली कुणाला दिली होती?"

"कुण्णाला नाही. आंघोळीलासुद्धा कमरेला असते."

"तुम्हाला इकडची भाषा लिहिता येते?"

"मला आपलीच धड लिहिता येत नाही, इकडची कुठून येणार? माझे फॉर्म थोरली भरते." आणि उठता उठता म्हणाल्या, "पासपोर्ट कपाटातून हललेच नाहीत. सांगून ठेवते."

बाईंनी तर पासपोर्टचं नावही काढलं नव्हतं.

३

दुसरी थोरली, मोठी सून. कपडे दुरुस्त करायच्या दुकानात काम करायची. ब्लाउजला अजून दोन टाचण्या खोचलेल्या.

"मी घातला असता तिच्या अर्जात खोडा," ती सरळ म्हणाली. "तोऱ्यात असते. 'ताई, हे असं नाही, ताई, ते तसं नाही.' मी दहा वर्षं या घरात राबतेय, पण अक्कल हिलाच."

"मग घातलात का?"

"नाही." तिनं नाक उडवलं. "ती गेली तर म्हातारीचं दुखणंखुपणं कोण बघणार? मी? घरात नर्स आहे म्हणून चाललंय सगळं."

"घरातलं टपाल कोण टाकतं?"

"मीच. दुकानाशेजारीच पेटी आहे. टेबलावर पाकीट दिसलं की उचलते नि टाकते."

"तीन आठवड्यांपूर्वी?"

ब्लाउजच्या टाचणीशी थोरलीची बोटं खेळू लागली. "एक होतं. परवाना कचेरीचा पत्ता. बंद होतं. मला वाटलं, धाकटीचंच काहीतरी. बाई, म्हणजे... मीच टाकलं की काय ते?"

"पाकीट कुणी ठेवलं होतं?"

"मी पाहिलं नाही," ती म्हणाली. आता तिचा आवाज खाली आला होता.

बाईंनी पिशवीतून कोऱ्या फॉर्मचा गठ्ठा काढला आणि सगळ्यांना बाहेरच्या टेबलाशी बसवलं. "उत्तराबरोबर घरातल्या मोठ्या माणसांची माहिती जोडावी म्हणते. तीनच रकाने आहेत. नाव, अर्जदाराचा प्रकार, पहिल्या प्रवेशाचा दिनांक. ठळक सुट्या अक्षरांत. आजी, पासपोर्ट काढा, म्हणजे मला ताडून बघता येईल."

सासूबाईंनी थोरल्याकडे पाहिलं. थोरल्यानं मान हलवली. तेव्हा कुठं कपाट उघडलं आणि सगळे पासपोर्ट टेबलावर आले.

थोरल्यानं उभ्या उभ्याच फॉर्म भरला. पासपोर्ट उघडला, एक नजर टाकली, लिहून मोकळा.

"वही नको का?" बाईंनी विचारलं.

"वही यांच्यासाठी हो. मीच लिहिलीय ती, मला कशाला लागते? पाच वर्षांत उघडलीसुद्धा नाही."

थोरली मात्र वही घेऊनच बसली. बोट ठेवून एकेक शब्द शोधायची, मग लिहायची. आधी स्वतःचा, मग सासूबाईंचा. 'प्रवेशाचा दिनांक'च्या पानावर बाईंनी मान वाकवून पाहिलं. थोरल्याच्या निळ्या अक्षरात लिहिलं होतं, 'व्हिसाच्या स्टिकरवरची तारीख.' त्यावर लाल शाईनं काट मारलेली, आणि खाली बारीक अक्षर: 'नाही. विमानतळावरच्या शिक्क्याची. यापायी आईंचा फॉर्म दोनदा परत आला.'

"लाल कुणाचं?"

"तिचंच, अक्कलवालीचं," थोरली पुटपुटली. "झालं असेल वर्ष. बरोबरच निघालं म्हणा. त्यानंतर फॉर्म परत नाही आला." आणि तिनं शिक्का शोधून त्यावरची तारीख लिहिली.

धाकटा, म्हणजे धाकटीचा नवरा, टेबलाच्या टोकाला बसला होता. शीतगृहात यंत्रं बघायचा. तीन दिवसांची दाढी, डोळे सुजलेले. तो डाव्या हाताचा आडोसा करून लिहीत होता, शाळेत शेजारच्याला उत्तर दिसू नये म्हणून धरतात तसा. लिहून होताच त्यानं कागद उलटा करून बाईंकडे ढकलला.

बाईंनी कागद उचलला, वाचला, आणि उभ्या राहिल्या. "तुम्ही जरा गॅलरीत या."

४

गॅलरीत वाळत घातलेल्या कपड्यांच्या दोन रांगा होत्या. त्यांच्यामधे धाकटा तोंड लपवायला जागा शोधत होता.

"प्रकारात काय लिहिलंत?" बाईंनी कागद पुढं केला. "मोठ्यानं वाचा."

"बाई, हळू बोला. दादा ऐकेल."

"ऐकू दे की! 'अवलंबित.' तुम्ही अवलंबित. मग मुख्य कोण?"

धाकट्यानं दोरीवरचा मुलीचा फ्रॉक सरळ केला, पुन्हा सरळ केला. "ती," तो शेवटी म्हणाला. "नर्सचं काम त्यांच्या हव्या असलेल्या कामांच्या यादीत आहे. माझं नाही. अर्ज तिच्या नावावर झाला. मी तिच्या खाली. आईसुद्धा तिच्याच खाली. दादाच्या परवान्यात आईवडील बसत नव्हते."

"आणि घरी काय सांगितलंत?"

"माझ्या नोकरीवर झालं म्हणून." त्याचे डोळे भरून आले. "दादानं मला आणलं इथं. वहीत लिहिलंय ना, घरचा कर्ता पुरुष. बायकोच्या खाली नाव आहे म्हणून कसं सांगू? लाज वाटली. तीच म्हणाली, जाऊ दे, कागदावर काय लिहिलंय ते कुणाला कळतंय."

"आणि तिला जा म्हणून सांगितलं तेव्हा तुम्ही गप्प बसलात!"

"मी... मला काही सुचेना."

"तुम्हाला सुचेना!" बाईंचा पारा चढला. "तिचा अर्ज म्हणजे तुमचाच. पत्राच्या दुसऱ्या पानावर काय आहे ठाऊक आहे? मुख्य अर्जदाराबरोबर सगळ्या अवलंबितांचेही अर्ज बंद. तिला चौदा दिवस, तर तुम्हालाही चौदा दिवस. पोरगी तुमच्या मागून आणि तुमची आईसुद्धा. आता नऊच उरलेत."

धाकट्यानं कठडा धरला. तो खरोखरच हादरला होता. इतकं चांगलं सोंग करता आलं असतं तर तो शीतगृहात कशाला राहिला असता?

"एक बरं झालं," बाई म्हणाल्या. "तुम्ही भित्रे आहात, पण हे तुमचं काम नव्हे. चला आत. कुणाचं ते मला कळलंय."

५

टेबलाभोवती सगळे बसले. सासूबाई पलंगावरच. बाईंनी खोटा फॉर्म मधोमध ठेवला आणि त्याच्या बाजूला आत्ता भरलेले फॉर्म मांडले.

"ज्यानं हा भरला," त्या म्हणाल्या, "त्याच्यासमोर पासपोर्ट उघडा होता. सही त्याच्यावरूनच काढलीय. म्हणजे घरातलाच माणूस. आता त्यानं दोन चुका केल्यात. पहिली, प्रकारात 'अवलंबित'वर खूण केलीय. कारकुनानं नाव आणि फाईल नंबर तेवढे पाहिले, खूण पाहिली नाही. पण मी पाहिली. ही खूण धाकटी करणार नाही. धाकटाही करणार नाही."

"का नाही?" थोरला म्हणाला. "ती अवलंबितच आहे की! मग काय, बरोबरच खूण केलीय."

"सांगते. दुसरी चूक तारखेची. स्टिकरची लिहिलीय, हवी होती शिक्क्याची. आता बघा. आजींना लिहिता येत नाही. थोरली वहीत बघितल्याशिवाय एक अक्षर लिहीत नाही आणि वहीत वर्षापूर्वीच लाल शाईनं दुरुस्ती झालीय. तिनं आज दोन फॉर्म भरले, दोन्हींत शिक्क्याची तारीख. ती ही चूक करूच शकत नाही." बाईंनी चौथा कागद पुढं सरकवला. "या घरात एकच माणूस वही उघडत नाही. ज्यानं लिहिली तो. थोरले, तुम्ही आत्ता माझ्यादेखत स्वतःच्या फॉर्मवर स्टिकरची तारीख लिहिलीत. पासपोर्ट बघा. शिक्का बावीस दिवस नंतरचा आहे."

थोरल्यानं पासपोर्ट ओढला, वही ओढली, ते पान काढलं. लाल काट त्यानं पहिल्यांदाच पाहिली.

"माझ्या वहीत हात घातलास?" तो धाकटीवर ओरडला.

"दादा!" धाकटा उभा राहिला. "तू केलंस हे?"

"काय पुरावा? तारखेचा? ती कुणाचीही चुकते." थोरल्याचा चेहरा लालबुंद झाला होता, पण तो मागे हटणारा गडी नव्हता. "आणि समजा केलं, तर काय चुकलं? कुणी आणलं तुम्हाला इथं? पोरीला रोज शाळेतून कोण आणतं? तिला सायकल कुणी शिकवली? आम्हाला दोघांना लेकरू नाही, ते एक लेकरू घरात आहे, आणि ही बया त्याला उचलून दुसऱ्या गावी निघाली. एकटी जाईना का! माझा भाऊ राहील, पोर राहील, आई राहील."

"कुणीही राहणार नाही," बाई म्हणाल्या, आणि पत्राचं दुसरं पान सावकाश, एकेक शब्द मराठीत करून वाचलं. 'मुख्य अर्जदाराचा अर्ज मागे घेतल्यामुळे खालील अवलंबितांचे अर्जही बंद करण्यात येत आहेत.' खाली तीन नावं होती. त्यांनी ती वाचली नाहीत. कागद फिरवून थोरल्यासमोर धरला.

थोरल्यानं एकदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना ओठ हलत होते.

"आईचं नाव हिच्यात कसं? आईचं नाव धाकट्यात आहे! मुख्य तो आहे, मी त्याला दहादा विचारून घेतलं होतं! नाहीतर मी कशाला..."

पुढचं वाक्य त्याच्या तोंडातच राहिलं. पण आता त्याची कुणाला गरज नव्हती.

६

थोरली आधी बोलली. "आणि पाकीट माझ्या हातून टाकवलंत," ती नवऱ्याला म्हणाली, आणि उठून खुर्ची लांब नेऊन बसली.

"फाईल पुन्हा उघडता येते," बाई म्हणाल्या. "माझ्यासमोर अशा तीन उघडल्यात. विनंती अर्जदाराची नव्हती, हे फॉर्म भरणाऱ्यानं किंवा साक्षीदारानं खिडकीवर येऊन, मुदतीच्या आत, लिहून द्यावं लागतं."

"आणि माझं काय होईल?" थोरल्यानं विचारलं.

"खोटी सही आहे. चौकशी होईल. तुमचाही परवाना तपासतील. मी गोड बोलून फसवणार नाही."

"मग मी काही लिहून देणार नाही." त्याचा आवाज फाटला. "इथं काय बोललो ते तिथं नाकारीन. माझं सगळं आयुष्य गेलंय इथं, बाई. आणि साक्षीदार कोण? कुणी पाहिलं मला?"

ते मात्र खरं होतं. बाईंकडे तर्क होता, साक्षीदार नव्हता, आणि खिडकीवर तर्काला नंबर मिळत नाही. धाकटी मुलीचा एकच बूट हातात घेऊन बसली होती, दुसरा कुठं गेला कुणास ठाऊक.

बाई पलंगाकडे वळल्या. "आजी, मघाशी मी विचारलं नसताना तुम्ही म्हणालात, पासपोर्ट हलले नाहीत."

सासूबाई कुणाकडेच बघत नव्हत्या.

"माझं नाव कुणाच्या खाली आहे म्हणालात?" त्यांनी विचारलं.

"हिच्या."

"पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून."

"म्हणजे मी चार वर्षं इथं राहतेय, दवाखान्यात जातेय, ते..." त्यांनी धाकट्याकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली. मग थोरल्याकडे पाहिलं. "आणि तू, शहाण्या, मला म्हणालास, नोंदणीला हवाय, दहा मिनिटं दे. मी समजून होते कशाला हवाय ते. मी लहान नाही. बरंच झालं म्हटलं मनात."

"आई, गप्प बस," थोरला दातओठ खात म्हणाला.

"का गप्प बसू? मला घराबाहेर काढायचा कागद माझ्याच हातानं तुला दिला, आणि आता गप्प बसू?" त्यांनी कमरेची किल्ली सोडवली आणि टेबलावर टाकली. "लिहा बाई. पासपोर्ट मी याला दिला. ती नोकरीवर गेली होती तेव्हा. यानं माझ्यासमोर बसून सही गिरवली. चार कागद वाया घालवले, पाचवा जमला. मी चष्मा लावून बघत होते."

"माझा विचार नाही करणार तू?" थोरल्यानं विचारलं.

"तू केलास माझा?" त्या रडत होत्या, पण आवाज तसाच कडक. मग धाकटीकडे वळल्या. "आणि तू हुरळून जाऊ नकोस. तुझ्यासाठी नाही करत मी हे."

"ठाऊक आहे मला," धाकटी म्हणाली.

बाईंनी जबानी लिहून काढली. सासूबाईंनी सांगितलं तेवढंच, पदरचं काही न घालता. शेवटी एक रकाना उरला.

"साक्षीदाराचं मुख्य अर्जदाराशी नातं. सासू लिहू?"

सासूबाईंनी नाक पुसलं. "तो वहीतला शब्द काय तो? बाकीच्यांचा?"

"अवलंबित."

"तोच लिहा. खरं ते लिहावं," त्या म्हणाल्या, आणि वाकड्यातिकड्या अक्षरात सही केली.

धाकटी उठली. तिनं टेबलावरचे पासपोर्ट गोळा केले. चार वेगळे काढून आपल्या पिशवीत टाकले, थोरल्याचा आणि थोरलीचा कपाटात ठेवून कपाट बंद केलं.

"खिडकी उद्या नऊला उघडते," ती म्हणाली. "आपण आठला निघू. आई, गोळ्या घेऊन निघा, तिथं फार वेळ उभं राहावं लागतं."

मग ती मुलीला आणायला शेजारी गेली. कपाटाची किल्ली तिनं जाताना बरोबर नेली.